कलम चौदाची खाच

४ फेब्रुवारी

ती. वहिनींना धाकट्या दिराचा नमस्कार,

क्लबच्या छापील कागदावर लिहितोय म्हणून दचकू नका. घरातले साधे कागद संपलेत.

नवशिक्यांच्या रेसला या एप्रिलात पन्नास वर्षं होतात. त्यानिमित्त क्लब एक ग्रंथ काढतोय आणि तो लिहायची जबाबदारी बैठकीत एकमताने माझ्यावर आली. बैठकीला आम्ही चौघं होतो. पहिलं प्रकरण सोबत जोडलंय. भाषा जरा जड झालीय, तेव्हा तुमच्यासाठी थोडक्यात सांगतो. पूर्वी एका सीटची रेसिंग गाडी म्हणजे बड्या लोकांचं खेळणं होतं. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की घरगुती मोटारीचं साधं इंजिन काढावं, तिचाच गिअरबॉक्स, तिचेच टायर घ्यावेत, नळ्यांचा सांगाडा जोडावा आणि एक माणूस मावेल एवढीच गाडी करावी. पंख नाहीत, नखरे नाहीत. सगळ्यांच्या गाड्या सारख्या, म्हणजे जिंकायचं ते हाताच्या जोरावर. आपल्या क्लबची अशी पहिली गाडी दादाने तुमच्या वर्कशॉपमध्ये बांधली आणि पहिल्या शर्यतीत ती मी चालवली. नऊ गाड्यांत दुसरा आलो. हेल्मेट काखेत धरून मी उभा आहे तो फोटो अजून क्लबच्या दारात आहे. तुम्ही पाहिलाच असेल.

ती गाडी समारंभात मधोमध ठेवायची आहे. तेव्हा जरा पुसून ठेवा.

दुसरं असं की तिच्या सीटला डाव्या कुशीत एक खाच आहे. तीन बोटं लांब, दीड बोट खोल. पहिल्या शर्यतीत ती गाडी धड राहिली, म्हणून क्लबने तीच नमुना धरून नियमावली केली आणि कलम चौदाखाली ती खाच सगळ्या गाड्यांना सक्तीची झाली. पन्नास वर्षं प्रत्येक सीटला ती पाडली जाते. पण ती कशासाठी, हे दादाने कुठे लिहून ठेवलेलं नाही. कमिटीत तीन मतं आहेत. एक म्हणतो चालकाला श्वास मोकळा मिळावा म्हणून. दुसरा म्हणतो वळणावर वजन डावीकडे झुकावं म्हणून. तिसऱ्याने हवेच्या प्रवाहावर चाळीस पानं लिहिलीत, ती कुणी वाचलेली नाहीत. दादाची एखादी वही सापडली तर कळवा.

आणि एक आनंदाची बातमी. सुवर्णमहोत्सवी रेसमध्ये एक मानाची जागा पहिल्या चालकाच्या घरातल्या माणसाला मिळणार आहे. म्हणजे आमच्या जावयाला.

आपला,
मानद सचिव (दीर)


९ फेब्रुवारी

भाऊजी,

नमस्कार पोचला, प्रकरणही पोचलं. सातवीपर्यंत गावच्या शाळेत शिकले असले तरी सगळं वाचलं. "मी" हा शब्द पहिल्या पानावर एकोणीस वेळा आलाय. गाडीचा उल्लेख चार वेळा. तुम्ही गाडीपेक्षा जोरात पळालेले दिसता.

गाडी मागच्या शेडमध्ये आहे. तिच्या नाकाडात मांजर व्यालीय, तीन पिल्लं आहेत. त्यांचे डोळे उघडले की पुसते.

तुमचं ते "पंख नाहीत, नखरे नाहीत" वाचून हसू आलं. गेल्या वर्षी पिटुकलीबरोबर रेस बघायला आले होते ना मी. नवशिक्यांच्या गाडीला पुढे पंख, मागे पंख, चालकाचं डोकं वाचवायला वर लोखंडी कडं, आणि बाजूला छत्री धरायला एक माणूस. नवशिक्याला आता गाडी चालवता आली नाही तरी चालतं, बापाचे दोन कारखाने हवेत. ग्रंथात हे घालणार का, की तिथवर पानं पुरणार नाहीत?

पिटुकली म्हणजे माझ्या लेकीची लेक, विसरला असाल म्हणून सांगते. आता वीस वर्षांची घोडी झालीय. वर्कशॉप तीच बघते. इंजिन उतरवते, चढवते, आणि गिऱ्हाइकाला बिल सांगताना तिचा आवाज बापाचाही चढत नाही एवढा चढतो. तुमच्या रेससाठी तिने तीन वर्षं फॉर्म भरला. तिन्ही वेळा परत आला. "घराला रेसिंगची पार्श्वभूमी नाही," असा शेरा आणि खाली तुमची सही. सही छान आहे, शेपटी लांब.

मला एकच विचारायचंय. "पहिल्या चालकाच्या घरातल्या माणसाला" असं ठरलंय ते तोंडी की लेखी? लेखी असेल तर शिक्क्यानिशी एक प्रत पाठवा. म्हातारीला हौस असते शिक्क्यांची.

खाचेबद्दल वही शोधते.

तुमची वहिनी


१५ फेब्रुवारी

ती. वहिनी,

ठरावाची प्रत सोबत आहे. अध्यक्षांची सही, क्लबचा शिक्का. मजकूर असा: "पहिल्या शर्यतीत क्लबतर्फे ज्याने प्रत्यक्ष गाडी हाकली त्याच्या घरातील एका सदस्यास मानाची जागा देण्यात यावी; यात कमिटीसही बदल करता येणार नाही." शेवटचं वाक्य मी मुद्दाम घातलं. अध्यक्षांचा पुतण्या डोळा ठेवून होता.

पिटुकलीचं पुढच्या वर्षी बघू. क्लबात शिस्त असते, माझा इलाज नसतो. तिला सांगा, फॉर्म भरणं सोडू नकोस.

रविवारी जावई गाडी बघायला येतील. दातांचे डॉक्टर आहेत, हात हलका आहे. फक्त मूळ सीटमध्ये बसलेला त्यांचा एक फोटो ग्रंथासाठी हवाय. चहा बिनसाखरेचा.

मानद सचिव


२ मार्च

भाऊजी,

तुमचे दातवाले जावई येऊन गेले. माणूस लाख मोलाचा. आल्याआल्या माझी दाढ बघितली आणि पैसे घेतले नाहीत.

फोटो मात्र झाला नाही. म्हणजे झाला, पण तुम्हाला छापता येणार नाही. शेडमध्ये नेलं, पिल्लं टोपलीत ठेवली, म्हटलं बसा. पाय आत गेले, गुडघे गेले, कमरेपाशी गाडीने नाही म्हटलं. ते म्हणाले, "काकू, जरा दाबा." मी खांदे दाबले. आणखी दोन बोटं खाली गेले आणि मग वरही येईनात. मांजर कपाटावर बसून बघत होती. शेवटी पिटुकलीने इंजिन उचलायची साखळी आणली, त्यांच्या काखेतून पट्टा घातला आणि हळूहळू वर ओढलं. तो फोटो पिटुकलीकडे आहे. चेहरा शांत आलाय, दात काढायला बसलेल्या माणसासारखा.

बिचाऱ्यांनी चहा घेताना खरं सांगितलं. म्हणाले, "काकू, मला पाळण्यातसुद्धा गरगरतं. पण सासऱ्यांना नाही कसं म्हणू?" मी म्हटलं, "तुम्ही कशाला म्हणता? वेळ आली की गाडीच म्हणेल."

मग तुमच्या खाचेकडे बघत बसले. मांजराचे केस आणि पन्नास वर्षांची धूळ त्यांनी बारीक आकडीने काढली, किडलेली दाढ साफ करावी तशी. मीच म्हटलं, "डॉक्टर, जबड्याचे ठसे घेता ना, मग याचाही घ्या. कमिटीतल्या तिघांचं भांडण तरी मिटेल." त्यांची बॅग गाडीत होतीच. गुलाबी लगदा कालवला, भरला, थांबले, काढला. ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन गेलेत. दवाखान्यात नीट प्लास्टर ओततो म्हणाले.

वही सापडली नाही. पण आता लागणार नाही असं वाटतंय.

वहिनी


५ मार्च

काकूंना सा. न.,

दाढेला अजून ठणका असेल तर कळवा.

ठशाचं प्लास्टर काल वाळलं. मी ते घासून साफ केलं आणि माझ्या खुर्चीवरचा पेशंट तोंड उघडं ठेवून तसाच राहिला, कारण मी त्याला विसरलो. काकू, ती खाच नाही. तो किल्ल्यांचा जुडगा आहे. एक कडं, त्यात तीन किल्ल्या. वरून कापड किंवा प्लास्टिक असावं, म्हणून कडा पुसट आहेत. पण मधल्या किल्लीचा एक दात मोडलेला आहे, आणि मोडलेला दात माझ्या नजरेतून सुटत नाही.

मी मोठ्या उत्साहाने सासऱ्यांना दाखवलं. त्यांनी ते हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि जेवायला आलेच नाहीत. सासूबाई मला विचारतात, तुम्ही त्यांना काय दाखवलंत? मी म्हटलं, किल्ल्या. त्या म्हणाल्या, किल्ल्या बघून कुणी उपाशी राहतं का?

काकू, या किल्ल्या कुणाच्या?

आपला आज्ञाधारक,
जावई


७ मार्च

वहिनी,

ही चिठ्ठी वाचून फाडून टाका. कुणाकुणाला सांगितलंत?

हात जोडतो, जरा विचार करा. न कळवता चालक बदलला तर निकाल रद्द, हे कलम तीन. ते मीच लिहिलंय. निकाल रद्द म्हणजे ती गाडी रद्द, म्हणजे पहिली गाडी बांधणारा म्हणून दादाचं नाव रद्द. आणि कलम चौदाचं काय करू? पन्नास वर्षं दर गाडीची खाच मोजलीय आम्ही. त्यासाठी पितळेची मोजपट्टी करून घेतलीय. खाच उथळ म्हणून अकरा जणांना बाद केलंय, त्यातला एक रडला होता. आता त्यांना काय सांगू, की ती माझ्या वहिनीच्या कमरेची किल्ली होती?

किल्ल्या नंतर कधीतरी सीटवर पडल्या असतील, असं सांगता येईल. तुम्ही फक्त हो म्हणा.

दीर


१२ मार्च

भाऊजी,

चिठ्ठी फाडली नाही. सहीची शेपटी या वेळी आखूड आलीय, म्हणून जपून ठेवली.

वाळलेल्या सीटवर किल्ल्या पडून खड्डा होत नाही, हे तुमच्या जावयालाही कळतं. तुम्ही विसरला असाल तर आठवण करून देते, ग्रंथासाठी उपयोगी पडेल.

सीटचं माप द्यायला सकाळी दहाला तुम्ही येणार होतात. अकरा वाजले, आता येतीलच म्हणून यांनी सांगाड्यात प्लास्टिकची पिशवी अंथरली, दोन डब्यांतली औषधं एकत्र ओतली आणि ढवळायला लागले. ती एकदा मिसळली की पाच मिनिटांत फेस फुगतो, आणि आत कुणी बसलेलं असेल त्याच्या अंगाचा साचा धरून दगड होतो. तरी तुमचा पत्ता नाही. फोटोत बरे दिसावे म्हणून केस कापायला गेला होतात. इकडे फेस वर यायला लागला. हे ओरडले, "अगं, बस लवकर, औषध फुकट जाईल." मी कपाटातून हत्यारं काढत होते, तशीच धावले. हत्यारांच्या कपाटाच्या किल्ल्या कमरेला होत्या, त्या काढायला कुणाला सुचतंय? बसले. गरम गरम फेस चारी बाजूंनी चढला. हे म्हणाले, "हलू नकोस, हसू नकोस." त्यांनी तसं म्हटल्यावर मला कसं हसू आवरलं ते माझं मला माहीत.

शर्यतीच्या सकाळी तुम्ही पहिल्यांदा त्यात बसायला गेलात आणि तुमच्या जावयासारखेच कमरेपाशी अडकलात. बाहेर ओढल्यावर काय म्हणालात आठवतं? "बरं झालं," म्हणालात. मग तुम्ही ट्रॅकवरच्या हत्यारांच्या खोलीत जाऊन आतून कडी घातलीत. हे ताडमाड उंच, स्टिअरिंग गुडघ्यात यायचं. राहिले मी. वर्कशॉपमधल्या गिऱ्हाइकांच्या गाड्या रोज मीच आतबाहेर करायचे, हात बसलेला होता. तुमचा तो रेसचा झगा चढवला, हेल्मेट घातलं, झालं.

फार शूरपणा केला असं नाही. पहिल्या वळणावर पाच जण एकाच जागी एकाच वेळी जायला निघाले, पुरुषांना सवय असते. मी गवतावरून वळसा घातला. मग दोघांची इंजिनं तापली. उरला एक, तो पहिला आला. मी दुसरी. मला फक्त एवढं आठवतं की शेवटच्या फेरीत मला थांबावंसं वाटत नव्हतं.

खाली उतरले तर तुम्ही खोलीतून बाहेर आला होतात. हात पुढे करून म्हणालात, "वहिनी, हेल्मेट द्या, फोटोवाला आलाय." मी दिलं. हे म्हणाले, बोलू नकोस, नाहीतर क्लब गाडी काढून टाकेल आणि आपलं काम जाईल. खरंच होतं ते. पुढे क्लबच्या चाळीस गाड्या त्यांनी बांधल्या, त्यावर घर चाललं. दर सीटला ती खाच पाडायचे आणि माझ्याकडे बघून हळूच हसायचे. कमिटीला सांगून टाका म्हटलं तर म्हणायचे, "राहू दे गं. पन्नास माणसं टाय लावून तुझ्या किल्ल्या मोजतायत."

आता हे नाहीत. त्यांच्या नावाला धक्का लागलेला मलाही नकोय. पण तुमचा शिक्क्याचा ठराव माझ्या उशीखाली आहे. "ज्याने प्रत्यक्ष गाडी हाकली त्याच्या घरातील सदस्य." बदल करता येणार नाही, हे तुमचंच वाक्य.

ग्रंथात काय छापायचं ते छापा. फोटो दारात राहू दे, केस खरंच छान कापलेत. मला पिटुकलीची जागा हवी. पुढच्या वर्षी नाही, या एप्रिलात.

वहिनी


२० मार्च

वहिनी,

या वेळी साधा कागद मुद्दाम विकत आणला.

कमिटीत मी असं मांडलं की गाडी दादाची, घर एकच, आणि जावयांचं दवाखान्यामुळे जमत नाही. अध्यक्षांनी पुतण्याचं नाव काढलं. मी ठराव दाखवला. जावई तर इतके खूश झाले की त्यांनी अध्यक्षांचे दात फुकट साफ करून द्यायचं कबूल केलं. जागा पिटुकलीची. पत्र निघालंय, या वेळी शेरा नाही.

खाचेचं कारण म्हणून ग्रंथात हवेचा प्रवाहच ठेवलाय. चाळीस पानं लिहिणाऱ्याला फार आनंद झाला.

एक विनंती. त्या किल्ल्या विहिरीत टाकून द्या.

आणि वहिनी, त्या सकाळी मी खरंच फार घाबरलो होतो. दुसऱ्या दिवशी खरं सांगेन असं ठरवलं होतं. पण दुसऱ्या दिवशी फोटो पेपरात आला, आणि आईने तो साऱ्या गल्लीला दाखवला.

दीर


२८ एप्रिल

भाऊजी,

समारंभात तुम्ही गडबडीत होतात, भाषण लांबलं, म्हणून हे लिहितेय.

किल्ल्या विहिरीत टाकल्या नाहीत. टाकल्या तर कपाट कसं उघडू? पण पिटुकलीने वर्कशॉपमध्ये बांधलेल्या गाडीची सीट ओतायच्या दिवशी त्यांचा उपयोग झाला. फेस कालवून झाला, ती बसणार, एवढ्यात म्हणाली, "आजी, कलम चौदाची खाच नंतर कोरायची का?" मी म्हटलं, "कोरायची कशाला?" आणि जुडगा तिच्या कमरेला बांधला. मीही म्हटलं, हलू नकोस, हसू नकोस. तिला काही जमलं नाही, खदखदून हसली. त्यामुळे सीट पोटापाशी जरा सैल आहे.

तपासणीला तुमचे ते मिशीवाले इन्स्पेक्टर पितळेची मोजपट्टी घेऊन आले. खाचेत घातली, काढली, पुन्हा घातली. चष्मा पुसला. म्हणाले, "पन्नास वर्षांत इतकी अचूक खाच बघितली नाही. पोरी, कुणाकडून शिकलीस?" ती म्हणाली, "घरचंच माप आहे." त्यांनी शेजारच्या कारखानदाराच्या मुलाला बोलावून ती दाखवली आणि त्याची उथळ म्हणून शेरा मारला. तुम्ही तिथेच उभे होतात. अचानक खोकला आला तुम्हाला. पाणी मीच दिलं.

पिटुकली चौथी आली. ना पंख, ना छत्री, जुनं इंजिन, आणि मागे सोळा गाड्या. तिचं म्हणणं, तिसऱ्या वळणावर गवतावरून जायला हवं होतं. मी म्हटलं, ते घराण्यात आहे, पुढच्या वेळी जमेल.

तुमच्या जावयांनी घड्याळ धरून फेऱ्या मोजल्या. तेवढ्यानेही त्यांना गरगरलं, पण सुखात होते.

मग फोटोवाला आला. तुम्ही पुढे झालात, मायेने हात पुढे केलात आणि म्हणालात, "दे बाळ, हेल्मेट धरतो." सवय असते, मी राग मानला नाही. पण तिने ते काखेत घट्ट धरलं आणि तुमच्याकडे बघून गोड हसली. तिच्यावर रागावू नका. गाडी चालवायला ती आपली आपण शिकली. फोटो निघेपर्यंत हेल्मेट कुणाच्या हातात द्यायचं नाही, एवढं एकच मी तिला शिकवलंय.

तुमची वहिनी